रूळ नसलेल्या लाइनीचा कीमन

शिवाप्पा तात्या गेले तेव्हा मी माहेरी, शिरोळला होते. पाणी चढत होतं, रस्ते बंद झाले होते आणि भावाच्या चार म्हशी आम्ही उंचावरच्या बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या आवारात नेऊन बांधल्या होत्या. तिथं आमच्या सायकलच्या गटातल्या अभिजितचा फोन आला. "अगं, तात्या गेले. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी म्हणायचा हा शब्द नव्हे, पण तोंडातून तोच निघाला. मग मी म्हशींना वैरण टाकली, बादली धुतली. आईनं विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, क्लिनिकमधला.

पाणी उतरून कोल्हापूर गाठायला आठवडा गेला. तोवर त्यांचे दिवसही होत आले होते. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. त्यांची आठवण निघाली की फक्त त्यांच्या सवयी आठवतात आणि मी त्या समोर जो असेल त्याला सांगत सुटते. आज समोर कुणी नाही म्हणून लिहिते आहे.

तात्या रेल्वेत कीमन होते. म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रूळ त्याखालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाडीच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. कीमननं रोज सकाळी आपल्या वाट्याची काही किलोमीटरची लाइन, म्हणजे त्याची बीट, पायी चालायची, सैल चावी दिसली की हातोड्यानं ठोकायची, नट आवळायचे आणि परत येऊन डायरीत सही करायची. पस्तीस वर्षं हा माणूस खाली बघत चालला. त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना दुसऱ्याचं तोंड लक्षात राहायचं नाही, चप्पल मात्र पक्की लक्षात राहायची.

मंगळवार पेठेत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. खांदा आखडला म्हणून ते पहिल्यांदा आले आणि बसायच्या आधी वाकून माझ्या पलंगाच्या पायाला हात लावून म्हणाले, "ढिल्ला हाय." दुसऱ्या दिवशी पाना घेऊन आले. पलंगाचे चारही पाय, भिंतीवरची कप्पी, स्टुलाचे तीन नट, सगळं आवळून झाल्यावर मग खांदा पुढं केला. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं निम्मं बोलणं कानडी, त्यामुळं मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही मला ते "आक्का" म्हणायचे. मी जैन, कांदा-लसूण खात नाही, सूर्य मावळला की जेवत नाही, हे कळल्यावर म्हणाले, "बरं हाय की. तुझी ड्यूटी दिवसपाळीची."

खांद्याला व्यायाम म्हणून सायकल चालवा, असं मीच सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सांगता सांगता मी बोलून गेले की आम्ही सात-आठ जण दर रविवारी गारगोटीच्या पुढं डोंगरात सायकली घेऊन जातो, एका जुन्या रेल्वेच्या वाटेनं. तात्यांचा खांदा माझ्या हातात होता. तो एकदम घट्ट झाला. "कंची रेल्वे? तिकडं कुटली आली रेल्वे?"

तिकडं रेल्वे होती. कधीकाळी एका धरणाच्या बांधकामासाठी दगड वाहून न्यायला डोंगरातून छोटी लाइन घातली होती. धरण झालं, रूळ उचलून नेले, वाट तेवढी राहिली. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळं ही वाट डोंगराच्या अंगानं हळूहळू चढत जाते आणि सायकलला त्याहून सुखाची जागा नाही. वाटेत दगडी मोऱ्या आहेत, जांभ्यात कापलेली खिंड आहे, शेवटी एक लहानसा बोगदा आहे. बोगद्याच्या अलीकडं मात्र कड्याच्या पोटात कोरलेला साठ-सत्तर पावलांचा तुकडा आहे. त्याला आम्ही पट्टी म्हणायचो. दरडी कोसळून तिथं जेमतेम चार फूट रुंदी उरली आहे. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला काही नाही.

"गेज किती?" तात्यांनी विचारलं. दोन रुळांमधलं अंतर मला कुठलं माहीत. आमच्या गटाचा म्होरक्या अभिजित, शिरोलीच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. त्यालाही सांगता येईना. "मग बघता काय जाऊन तितं?" तात्या म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पहाटे आमच्या टेम्पोत आपली काळी, दांड्याची सायकल चढवून हजर झाले. पिशवीत हातोडा, शिट्टी, एक लाल आणि एक हिरवं फडकं.

त्या दिवशी आम्ही निम्म्या वाटेवरूनच परतलो. दर मोरीपाशी तात्या उतरत, खाली वाकून कमानीचे दगड ठोकून बघत. एका ठिकाणी आंब्याची चार झाडं आणि बुजलेली विहीर दिसली, तर म्हणाले, "हितं गँग ऱ्हात हुती." गँग म्हणजे लाइनीवरचे कामगार. कशावरून, तर डोंगरात कुणी आंबे ओळीनं लावत नाही. खिंडीत मातीत रुतलेली एक गंजकी चावी त्यांना सापडली. ती रुमालानं पुसून त्यांनी खिशात घातली आणि अभिजितला म्हणाले, "अडीच फुटी हाय तुझी लाइन." अभिजित तीन वर्षं त्या वाटेनं येत होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढं त्यांनी अभिजितचीच जुनी माउंटन बाइक घेतली. जाड टायर, पुढं स्प्रिंगा, पायडलवर बूट घसरू नये म्हणून लोखंडी काटे. त्या काट्यांवर त्यांचा फार जीव होता. "सरकारी काम वाटतंय," म्हणायचे. आणि बघता बघता ती वाट त्यांची बीट झाली. नियम सुरू झाले. मृगाला लाइन बंद, दसऱ्याला चालू. खिंडीत शिरायच्या आधी शिट्टी. पट्टीवर एका वेळी एकच जण, तो पलीकडं जाऊन उभा राहिला की तात्या हिरवं फडकं दाखवणार, मग दुसरा. सगळे गेले की शेवटी तात्या. पोरं आधी हसली. मग एकदा खिंडीत गवा आडवा उभा राहिला. एकटा, दांडगा, जागचा हलेना. अभिजित म्हणाला, दगड मारू. तात्यांनी लाल फडकं सायकलीला बांधलं आणि वाटेच्या कडेला मांडी घालून बसले. "सिग्नल न्हाय. बसा." आम्ही दीड तास बसलो. गव्यानं रवंथ केलं, तात्यांनी पान खाल्लं. गवा गेल्यावरही त्यांनी पाच मिनिटं थांबवलं, कारण मागून त्याची मंडळी येण्याचा संभव होता. खरंच तीन आल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही.

बोगद्याच्या तोंडाशी आम्ही खायला बसायचो. तात्या आधी बूट काढून पाय मोकळे करायचे, मग भाकरी सोडायचे. माझ्यासाठी काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बिनलसणाची कारळ्याची चटणी वेगळ्या पुडीत दिलेली असायची, तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. तिथंच एकदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. कुणी विचारलंही नव्हतं.

तरुणपणी, कुठल्या सेक्शनला ते त्यांनी सांगितलं नाही, जवळच्या गावात जत्रेचं कुस्तीचं मैदान होतं. तात्यांना कुस्तीचं वेड. त्या दिवशी त्यांनी बीट न चालताच डायरीत सही केली आणि मैदानाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बीटवर गेले तर एका सांध्याचे बोल्ट निघून पडलेले, रुळाचं टोक हलत होतं. त्यावरून आदल्या दिवशी दोन पॅसेंजर गेल्या होत्या.

"मग?" अभिजितनं विचारलं.

"मग काय. बोल्ट घातलं, आवळलं. कुनाला बोललो न्हाय. काय झालं न्हवतं की." तात्या भाकरीचा तुकडा मोडत होते. "काय झालं न्हाय म्हनूनच वंगाळ झालं बग. काय झालं असतं तर सायबानं मारलं असतं, जेलात गेलो असतो, रडलो असतो. हितं काय नावच न्हाय. त्या दिसापास्नं आत काय हालंनाच झालंय. पोरीचं लगीन झालं, अक्षता टाकल्या. रिटायर झालो, हार घातला त्येनी. समदं लांबनं बगितल्यागत."

"तात्या, किती वर्षं झाली त्याला," अभिजित म्हणाला.

"व्हय," तात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं चटणीची पुडी सरकवली. त्यानंतर ते कुठल्याच मैदानाला गेले नाहीत, हे मला काकींकडून कळलं. कोल्हापुरात राहून कुस्ती बघायची नाही, याला काय म्हणावं.

आता मेडिकलचं सांगते. रेल्वेत ठरावीक मुदतीनं तब्येतीची तपासणी होते. पास झालात तर लाइनीवर, नाही तर दुसरं काम. तात्यांना हे आमच्या रविवारच्या लाइनीवरही पाहिजे होतं. "माझं वय झालंया. मला कळायचं न्हाय. तू हाईस ह्यातली, तू बगून सांगायचं. न्हाय म्हनलीस तर मी उतरनार." मी गंमत म्हणून कबूल झाले. दरवर्षी होळीच्या आधी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून क्लिनिकला यायचे. मी डोळे बघायची, एका पायावर उभं करायची, हातांची पकड बघायची आणि तळपायांची जाण तपासायची. त्याला नायलॉनचा एक बारीक तंतू असतो. माणसानं डोळे मिटायचे, आपण तंतू टेकवायचा, कळलं की त्यानं "व्हय" म्हणायचं. शेवटी मी माझ्या लेटरहेडवर लिहायची, "जुन्या लाइनीवर सायकल चालवण्यास योग्य," आणि सही. तो कागद ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर्षभर शर्टाच्या खिशात ठेवायचे. दोन वर्षं गंमत चालली. तात्यांच्या लेखी ती गंमत नव्हती, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांची साखर बरीच वाढलेली होती. मेडिकलच्या आदल्या दिवशी काकी गुडघा शेकायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "बाई, आयतवारी रातच्याला दोन घास जास्त खात्यात. बोलत्यात. गवा आला, मोरी ढासळली, कायबाय सांगत्यात. बाकीचं सा दिस घरात मानूस हाय का न्हाय कळत न्हाय. तेवढं सायकलीचं काय बंद करू नगासा." मी म्हटलं, नाही करत.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. डोळे ठीक, पकड ठीक, उभं राहताना जरा डुलले. मग पलंगावर झोपवून पाय तपासायला घेतले. त्यांनी डोळे मिटले. मी उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा, मधलं बोट, करंगळी, चवडा, टाच. मग डावा पाय. दहाही जागी तंतू टेकवून झाला. तात्या गप्प पडून होते. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "आक्का, सुरू कर की. कशाची वाट बगालीस?"

मी तंतू डबीत ठेवला. "झालं की तात्या. पास."

"झालं? बरं." ते उठून बसले. मी लेटरहेड घेतलं, योग्य लिहिलं, सही केली. काकींचं बोलणं कानात होतं म्हणून लिहिलं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर "उतरा" म्हणायची माझी छाती नव्हती.

त्या रविवारी पट्टीवर मी तात्यांच्या आधी गेले आणि पलीकडं थांबले. मला कळत होतं की ज्या पायांनी हा माणूस आता या चार फुटांवरून येणार आहे, ते पाय त्याला कळत नाहीत. बाकी कुणालाच हे माहीत नव्हतं. ओरडून थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. ते निघाले. मध्यावर आल्यावर त्यांचा उजवा बूट पायडलवरून घसरला. पायडल गरकन फिरून नडगीवर बसलं. त्यांचा पाय हवेत दोनदा खाली गेला, तिसऱ्यांदा पायडल सापडलं. चेहऱ्यावर काही नाही. आले, उतरले, म्हणाले, "चला."

बोगद्यापाशी त्यांनी नेहमीसारखे बूट काढले. उजवा मोजा घोट्यापासून खाली लाल झाला होता. पायडलच्या काट्यांनी नडगी फाडली होती. "हे कवा झालं?" त्यांनी विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. अभिजितनं औषधाची पेटी काढली. तात्यांनी मोजा उतरवला, अंगठ्यानं पायाचा चवडा दाबला, मग नखानं दाबला, मग जमिनीवरचा एक टोकदार खडा उचलून दाबला. मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मोरीचा दगड बघावा तसं बघितलं.

परतीला ते सायकलवर बसले नाहीत. अभिजित म्हणाला, पट्टी गेली की बसा तरी. "अनफिट मानूस लाइनीवर चालवत न्हाय," तात्या म्हणाले. अकरा किलोमीटर त्यांनी सायकल हातानं ढकलत आणली. मी त्यांच्या मागून माझी ढकलत होते. काकींची चटणी त्या दिवशी तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लिनिकला आले. पाकिटातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"ही सही तुझीच न्हवं?"

"व्हय."

"बगून केलीस?"

मी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. मग बोलले ते असं. "पण तात्या, काही झालं नाही ना."

शब्द बाहेर पडल्यावर मला ते ओळखू आले. तात्यांना तर आलेच असणार. ते म्हणाले, "व्हय. मी बी त्येच म्हनलतो."

मग त्यांनी स्वतःच चप्पल काढली, पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. "आता नीट घे."

मी पुन्हा तंतू काढला. या वेळी दर जागी मी विचारत होते, "कळतंय?" आणि ते सांगत होते, "न्हाय." दहापैकी नऊ वेळा न्हाय. डाव्या टाचेला म्हणाले, "जरा." मी लेटरहेडवर "अयोग्य" लिहिलं, सही केली, तारीख घातली. जुना कागद फाडायला घेतला तर त्यांनी मनगट धरलं. "फाडू नगंस. डायरीचं पान फाडत न्हाईत." दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांनी पाकिटात घातले.

"तात्या, माझं चुकलं."

"काल रातीला झोप लागली तुला?"

खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. "लागली."

"लागती," ते म्हणाले. "पयल्यांदा लागती."

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. सायकल त्यांनी अभिजितकडं परत पोचती केली. आमचा गट अजून जातो, मी जात नाही. त्यांचं घर माझ्या क्लिनिकपासून पाच मिनिटांवर. ते जाईपर्यंतच्या चार महिन्यांत मी एकदाही तिकडं गेले नाही. काकी गुडघ्यासाठी यायच्या, मी त्यांचा गुडघा शेकायची, त्या काही विचारायच्या नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करत मृग आला, मग शिरोळला पाणी आलं.

त्यामुळं त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी. मेडिकल झाल्यावर ते बाहेर जाऊन क्लिनिकच्या पायरीवर चप्पल घालायला बसले. मी दाराशी उभी होते. समोर भाजीवाल्या बसायला लागल्या होत्या, एक रिक्षा रस्त्यात अडकून हॉर्न वाजवत होती. त्यांनी एक पाय सरकवला, दुसरा सरकवला, कठडा धरून उभे राहिले आणि तसेच थांबले. मला वाटलं चक्कर आली.

"आक्का," ते म्हणाले, "बग की जरा. दोनी हाईत न्हवं पायात?"

मी पायरीवर बसले. उजवी नीट होती. डाव्या पायाचा अंगठा चपलेबाहेरच राहिला होता. मी पाय उचलून तो आत घातला, पट्टा टाचेमागं ओढला, दोन्ही चपला पुन्हा एकदा हातानं चाचपून बघितल्या.

"हाईत, तात्या. दोन्ही हाईत."

ते खाली बघतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी खाली बघितलं नाही. "बरं," म्हणाले, कठडा सोडला आणि समोर बघत, भाजीवाल्यांच्या मधून, घराकडं चालायला लागले.